आफ्रिकेच्या सहली नेणाऱ्या मंडळींना एका औषध दुकानदाराचं खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सहल कंपन्यांचे मालक, व्यवस्थापक आणि टूर मॅनेजर मंडळी,

स.न.वि.वि.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी, माझी बायको आणि नऊ वर्षांचा नातू असे तिघं तुमच्यापैकीच एका कंपनीबरोबर दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि बोत्सवाना बघून आलो. कंपनीचं नाव लिहीत नाही. परत आल्यावर ओळखीच्या चार-पाच जणांनी आपापल्या कंपन्यांची माहितीपत्रकं आणून दाखवली आणि नाव बदलून काही फरक पडत नाही, हे तेव्हाच कळलं. जेवणावर दीड पान. महाराज सोबत, सकाळी पोहे-उपमा, जैन जेवणाची वेगळी सोय, एकादशीला साबुदाणा. आणि शेवटच्या पानावर, तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: ‘व्हिसा, लसीकरण व आरोग्यविषयक पूर्तता ही प्रवाशाची वैयक्तिक जबाबदारी राहील.’

मी सांगलीत चौतीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं. बारीक टायपात काय छापतात आणि का छापतात, हे मला कुणी शिकवायला नको.

सहल वाईट झाली असं नाही. क्रूगरच्या राष्ट्रीय उद्यानात पहाटे साडेपाचला, उघड्या गाडीत ब्लँकेट पांघरून बसलेलो असताना हत्तींचा कळप रस्ता ओलांडताना पाहिला. नातवाने त्या वीस मिनिटांत एकदाही मोबाईल मागितला नाही. तुमचे पैसे तिथेच वसूल झाले. माझं भांडण त्याच्या आधीच्या दोन महिन्यांशी आणि नंतरच्या एका महिन्याशी आहे.

व्हिक्टोरिया फॉल्सच्या विमानतळावर जे झालं ते आधी सांगतो. आमचा बेत असा होता: जोहान्सबर्ग, क्रूगर, केप टाऊन, मग विमानाने झिम्बाब्वेत धबधबा, एक दिवस बोत्सवानात चोबेचं राष्ट्रीय उद्यान, आणि परत जोहान्सबर्गला एक रात्र काढून मुंबई. म्हणजे दक्षिण आफ्रिकेत आम्ही दोनदा शिरणार होतो. आमच्या ग्रुपमध्ये बार्शीचं एक जोडपं होतं, काका बहात्तरचे, काकू अडुसष्टच्या. त्यांनी बुकिंग उशिरा केलं म्हणून त्यांचे व्हिसाचे कागद वेगळे गेले. काउंटरवरच्या मुलीने दोघांचे पासपोर्ट उघडले, एका ओळीवर बोट ठेवलं आणि मान हलवली. व्हिसावर प्रवेशांच्या संख्येपुढे ‘एक’ होतं. तो एक प्रवेश सहलीच्या पहिल्याच दिवशी संपला होता.

तुमचा टूर मॅनेजर सव्वीस वर्षांचा पोरगा, स्वभावाने लाख चांगला. घाम पुसत तीन तास फोनवर होता. शेवटी आम्ही एकतीस जण विमानात बसलो आणि ते दोघं मागे राहिले. काकूंच्या हातात आमच्या महाराजांनी बांधून दिलेली पुऱ्यांची पिशवी. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना अदिस अबाबामार्गे मुंबईचं नवं तिकीट काढून दिलं, अर्थात त्यांच्याच खर्चाने, कारण शेवटच्या पानावरची ती ओळ.

आता गंमत बघा. अदिस अबाबा इथिओपियात, आणि इथिओपिया पीतज्वराच्या म्हणजे यलो फीव्हरच्या देशांच्या यादीत आहे. आपल्याकडे पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे, डेंग्यूवालाच तो. म्हणून भारत सरकार या बाबतीत फार कडक आहे. त्या यादीतल्या देशातून सहा दिवसांच्या आत आलेल्या माणसाकडे लसीचं पिवळं कार्ड नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. विमान बदलण्यापुरते विमानतळाच्या आतच थांबलेले असाल तर सूट मिळू शकते, पण ती द्यायची की नाही हे आरोग्य अधिकारी ठरवतो. बार्शीचे काका-काकू आतच होते. मुंबईत तासभर चौकशी झाली आणि सोडलं. पण पुढचं विमान चुकलं असतं आणि विमान कंपनीने रात्रीसाठी गावातल्या हॉटेलात नेलं असतं तर? तिथे फुकट हॉटेल मिळतंय म्हणून आनंदाने बाहेर पडणारे प्रवासी मी पाहिलेत. बाहेर पाऊल टाकलं की सूट मागायचा आधारच जातो.

जातानाही हेच. दक्षिण आफ्रिकेला थेट भारतातून येणाऱ्याला कार्ड लागत नाही. पण नैरोबी किंवा अदिसला बारा तासांपेक्षा जास्त थांबा झाला, तर लागतं. आणि तुमची स्वस्तातली तिकिटं बहुधा याच दोन गावांवरून जातात. हे तुम्हाला माहीत आहे. प्रवाशाला माहीत नसतं.

ही लस नाक्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तारीख घ्यावी लागते, आणि कार्ड टोचल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरतात. 2016 पासून ते जन्मभर चालतं, पूर्वी दहा वर्षांची मुदत होती. पण यात आणखी एक अडचण आहे, ती औषधवाला म्हणून मला जास्त टोचते. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांत तिचे गंभीर दुष्परिणाम तरुणांपेक्षा जास्त दिसतात. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टर नकोच म्हणतील. तुमच्या ग्रुपमध्ये निम्म्याहून जास्त माणसं साठीच्या पुढची. त्यांना अदिसवरून नेऊन चार हजार वाचवायचे की दुबई-दोह्यावरून नेऊन लसीचा प्रश्नच मिटवायचा, हा विचार तिकीट काढताना तुम्ही करायचा असतो. निघायच्या आठवडाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कृपया यलो फीव्हर कार्ड सोबत ठेवावे’ असा मेसेज टाकून तो होत नाही.

नातवाची कथा वेगळीच. त्याचे आईबाप बेंगळुरूला नोकरीला, त्यांना रजा नाही, म्हणून तो आमच्याबरोबर. दक्षिण आफ्रिकेने 2015 च्या जूनपासून अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी नियम आणला: आई आणि वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला हवा. मुलांची चोरटी ने-आण रोखायला. पर्यटक घटले अशी तिकडेच ओरड झाली आणि 2019 च्या शेवटी आईबापांबरोबर येणाऱ्या परदेशी मुलांपुरता तो सैल केला. पण मूल आजीआजोबांबरोबर असेल, तर दाखला, आईबापांचं प्रतिज्ञापत्र, त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती, फोन नंबर, सगळं लागतं. बोत्सवानाही दाखला मागतो.

मी महापालिकेतून आणलेला दाखला काढला. आईचं नाव आहे, बापाचं आहे, जन्मवेळ आहे, दवाखाना आहे. मुलाच्या नावाच्या जागी आडवी रेघ! आपल्याकडे नोंद दवाखान्यातून लगेच जाते आणि बारसं बाराव्या दिवशी, नाहीतर सवडीने. नंतर नाव घालायला कोण जातो? घराघरांत असे बिननावाचे दाखले कपाटात पडलेत. मी अर्ज, शाळेचा दाखला, सुनेच्या सह्या, पुन्हा अर्ज असे पंचवीस दिवस चकरा मारल्या. मी रिकामा माणूस म्हणून जमलं. बुकिंगच्या दिवशीच तुमच्या माणसाने ‘दाखल्यावर पोराचं नाव आहे का बघा’ एवढं एक वाक्य म्हटलं असतं, तर माझा रक्तदाब ताळ्यावर राहिला असता.

कागदांचं थोडं अजून. पासपोर्टात किमान दोन पानं कोरी लागतात, आणि आमच्यातल्या एका उद्योजकाच्या पासपोर्टात एकच उरलं होतं. त्याने ऐन वेळी नवा काढला. झिम्बाब्वेतून चोबेला दिवसभर जाऊन परत यायचं म्हणजे झिम्बाब्वेतही दोनदा शिरणं आलं, तिथलाही व्हिसा दोन प्रवेशांचा हवा. धबधब्यावरचा 1905 सालचा तो पूल ओलांडला की झांबिया लागतो, म्हणजे आणखी एक देश, आणखी एक शिक्का. आम्ही पश्चिम महाराष्ट्रातली माणसं. सकाळी निपाणीला जाऊन संध्याकाळी परत येतो, मध्ये राज्याची हद्द लागते याचं भानही नसतं. आम्हाला हे समजावूनच सांगावं लागतं. माझ्या पहिल्या पासपोर्टवर तर दक्षिण आफ्रिका सोडून इतर देशांना जाता येईल, असंच लिहिलेलं होतं. वर्णभेदाच्या सरकारशी भारताने 1946 पासून व्यापार तोडला होता. त्या देशात आता आपल्याला जाता येतं याचं माझ्या पिढीला अजून अप्रूप आहे, म्हणून तरी नीट न्या.

आता मलेरिया. इथे मी जरा लांबणार आहे, माफ करा.

निघण्याआधीच्या बैठकीत एकाने विचारलं, मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या का? तुमचा प्रतिनिधी हसून म्हणाला, ‘काका, आपण भारतातले, आपल्याला मलेरियाचं काय!’ सगळे हसले. मी हसलो नाही. आपल्या इम्युनिटीवर आपला फार भरवसा. शहरात राहणाऱ्या माणसाला मलेरियाविरुद्ध काहीही जन्मजात संरक्षण नसतं. आणि आपल्याकडे मलेरियात व्हायव्हॅक्स या प्रकाराचा वाटा मोठा आहे, तिकडे जवळपास सगळा फाल्सिपॅरम हा प्रकार. तो दोन-चार दिवसांत मेंदूवर, मूत्रपिंडावर जातो.

सगळीकडे धोका आहे असंही नाही. केप टाऊनला नाही, जोहान्सबर्गला नाही, गार्डन रूटला नाही. आहे तो क्रूगरच्या पट्ट्यात, म्हणजे म्पुमलांगा आणि लिम्पोपोच्या सखल भागात, आणि क्वाझुलु-नातालच्या ईशान्य टोकाला. साधारण सप्टेंबर ते मे. व्हिक्टोरिया फॉल्स आणि चोबेला तर आहेच. म्हणजे दिवाळी ट्रिप आणि मे महिन्यातली ट्रिप, तुमचे दोन्ही हंगाम बरोबर त्याच काळात बसतात. जून ते ऑगस्ट तिकडे थंडी असते, डास कमी, गवत वाळलेलं, जनावरं पाणवठ्यावर सहज दिसतात. पण तेव्हा आपल्या शाळा चालू. त्याला तुमचाही इलाज नाही.

आमच्यातल्या तिघांनी घरात पडलेल्या क्लोरोक्विनच्या गोळ्या घेतल्या होत्या. तिथला फाल्सिपॅरम क्लोरोक्विनला दाद देत नाही. डॉक्टर देतात ती औषधं तीन. डॉक्सिसायक्लिन रोज, परतल्यावरही चार आठवडे. ती घेऊन उन्हात बसलात तर कातडी भाजते, रिकाम्या पोटी घेतलीत तर घशाशी जळजळ. मेफ्लोक्विन आठवड्याला एक, पण दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी लागते. मनाचा आजार किंवा फिट येत असेल त्यांना चालत नाही. तिसरी अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, निघायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर सात दिवस. ही जरा महाग, आणि आमच्या गावात मागवूनच घ्यावी लागते. कुणाला कुठली द्यायची ते डॉक्टर ठरवतील, पण ठरवायला डॉक्टरकडे महिनाभर आधी जायला हवं. आणि गोळी घेतली तरी संध्याकाळपासून पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि अंगाला ओडोमॉस हवंच. हा डास रात्रीचा.

परतल्यावर अकराव्या दिवशी आमच्याबरोबरच्या एका गृहस्थांच्या मुलाचा मला फोन आला. बाबांना कालपासून ताप आहे, पॅरासिटामॉल चालू आहे, डॉक्टर व्हायरल म्हणालेत. मी विचारलं, डॉक्टरांना आफ्रिका सांगितलंत का? तो म्हणाला, ‘नाही हो, त्यांनी विचारलंच नाही.’ मी म्हटलं, फोन ठेव आणि आत्ता रक्त तपासायला ने. फाल्सिपॅरम निघाला, प्लेटलेट एकतीस हजारांवर. सहा दिवस दवाखान्यात होते, चार अतिदक्षता विभागात. आता बरे आहेत. त्यांनी एकही गोळी घेतली नव्हती, बैठकीत सगळ्यात मोठ्याने तेच हसले होते.

सहल संपली की तुम्ही ‘फीडबॅक फॉर्म’ पाठवता, फोटोंची लिंक पाठवता. त्याच मेसेजात एक ओळ घाला: पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करा आणि कुठे जाऊन आलात ते डॉक्टरांना सांगा. फोटोंइतकंच लोक तेही पुढे पाठवतील.

औषधांच्या पिशवीचंही असंच. आपल्याकडची प्रत्येक आजी चाळीस जणांना पुरेल एवढी औषधं घेऊन निघते. पुलापलीकडे झांबियाची ऐच्छिक फेरी होती. निघताना एका ताईंच्या पर्समध्ये बेनाड्रिलची बाटली दिसली. मी ती हॉटेलातच ठेवायला लावली, तर त्यांना राग आला. झांबियात डायफेनहायड्रामिन आणि कोडीन असलेली, आपल्याकडे घरोघरी असणारी खोकल्या-सर्दीची औषधं बाळगल्यावरून परदेशी प्रवाशांना ताब्यात घेतल्याचे प्रकार घडलेत. रोजची बीपी-शुगरची औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्यायची, डबीत ओतून नाही. विम्याच्या फॉर्मवर शुगर आहे ते लिहायचं, लपवायचं नाही. झिम्बाब्वेत काही गंभीर झालं तर माणसाला विमानाने जोहान्सबर्गला हलवावं लागतं आणि तो खर्च घर विकायला लावणारा असतो.

पाण्याचं दोन ओळींत: केप टाऊन-जोहान्सबर्गच्या नळाचं चालतं, झिम्बाब्वे-झांबियात सीलबंद बाटलीच. 2023-24 मध्ये दोन्हीकडे पटकीची, म्हणजे कॉलराची, मोठी साथ होऊन गेली आहे. क्रूगरच्या गवतातून चालून आलात तर रात्री पाय, मांड्या, कमरेचा पट्टा बघायचा, गोचीड चावून काळी खपली धरली आणि ताप आला तर डॉक्टरला ती दाखवायची. नदी-तळ्यात पोहायचं नाही, चकचकीत दिसलं तरी. बोत्सवानाच्या हद्दीवर बूट ओल्या पायपुसण्यावर घासायला लावतात, जनावरांच्या लाळ्या-खुरकुतासाठी. आमच्या मंडळींना वाटलं अपमान करतायत. नातवाने मात्र दोनदा घासले.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही दोन टोकांना जाता. बुकिंग होईपर्यंत ‘एकदम सेफ हो’, आणि तिथे उतरल्यावर ‘हॉटेलबाहेर पाऊल टाकू नका.’ आमच्या केप टाऊनच्या बसचा चालक वयस्कर मुसलमान गृहस्थ होता, आजोबा रत्नागिरीकडून आलेले. तिथे कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. त्याला आजीकडून आलेले आठ-दहा कोकणी शब्द येत होते, बाकी इंग्रजी. त्याने दहा मिनिटांत जे सांगितलं ते तुमच्या तीन बैठकांत नव्हतं. ‘रोबो’वर गाडी थांबली की मोबाईल मांडीवर ठेवायचा नाही, काच फोडून नेतात. रोबो म्हणजे तिकडे सिग्नल. टेबल माउंटनला केबल कारने जा, पायवाटांनी एकटेदुकटे नको. अंधार पडला की दोन चौक असले तरी टॅक्सी. सोन्याच्या बांगड्या घरी. विमानतळावर पैसे बदलून नोटा मोजत बाहेर यायचं नाही, पाठलाग होतो. एवढं पाळलं तर मजेत फिरा, म्हणाला. पोलिसांचा नंबर 10111, रुग्णवाहिका 10177, मोबाईलवरून 112, हे त्यानेच लिहून दिलं. केप पॉइंटला बबून माकडं माणसापेक्षा हुशार असतात हेही सांगितलं होतं. तरी एका वहिनींची चकलीची अख्खी पिशवी गेलीच.

तक्रारीत नाही, पण जाता जाता. दिवाळीत धबधब्याला पाणी सगळ्यात कमी असतं. झांबियाच्या बाजूला नुसता काळा कडा दिसतो. पाणी भरात असतं एप्रिलच्या सुमाराला, तेव्हा इतके तुषार उडतात की समोरचं दिसत नाही. तुमच्या दिवाळीच्या पत्रकावर फोटो एप्रिलचा होता. आणि चार्जरसाठी तुम्ही आम्हाला आठशे रुपयांचा ‘युनिव्हर्सल अ‍ॅडॅप्टर’ घ्यायला लावलात. दक्षिण आफ्रिकेतल्या भिंतीत आपल्या गिझरची ती मोठी तीन पिनांची प्लग जशीच्या तशी बसते. कोपऱ्यावरच्या दुकानात साठ रुपयांत जोडणी झाली असती.

माझा भाचा येत्या मे महिन्यात बायकापोरांसह याच सहलीला निघाला आहे. तुमच्यापैकीच एकाकडे पैसे भरलेत. त्याच्यासाठी मी एक कागद तयार केला, पाठपोट. कुठल्या देशात किती वेळा शिरायचं आणि व्हिसावर काय आकडा हवा, विमान कुठून जातं आणि म्हणून लस हवी की नको, पोराचा दाखला, गोळ्या कधी सुरू कधी बंद, परतल्यावर ताप. प्रत्येक माहितीपुढे ती कुठल्या तारखेला तपासली ते लिहायला जागा सोडली आहे, कारण हे नियम दर वर्षी बदलतात आणि गेल्या वर्षीचा कागद तसाच छापायची तुमची सवय मला ठाऊक आहे. गावातल्या तुमच्या तिन्ही एजंटांकडे एकेक प्रत देऊन ठेवली आहे. ती बुकिंगच्या पावतीबरोबर द्या, निघायच्या आदल्या आठवड्यात नको. माझं नाव घालायची गरज नाही, पैसेही नकोत. फक्त टाईप मोठा ठेवा.

आपला,
एक निवृत्त औषध दुकानदार,
सांगली